कापलेल्या बसचं मागचं दार

डॅलसजवळच्या आमच्या अर्विंगहून दोन दिवसांच्या वाटेवरच्या शॉमबर्गला आम्ही नाटकाचं नेपथ्य घेऊन निघालो, त्या प्रवासाची एक गोष्ट आमच्या मराठी मंडळात दोन वर्षं सांगितली जाते आहे. कोजागरीला दूध आटत असताना, पिकनिकला कणसं भाजताना, कुणीतरी म्हणतंच, "गिरीश, ती बसमधल्या मुलाची गोष्ट सांग ना यार." गिरीश रंगवून सांगतो. पोरं किंचाळतात, बायका "पुरे रे आता" म्हणतात. मी त्या वेळी शेगडीतले कोळसे सारखे करत असतो. गोष्टीच्या शेवटी वसंतकाकांचा हात येतो, आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "काकांनी ट्रेलरची पिन नीट लावली असती तर..."

काकांनी पिन नीट लावली होती. नंतर ती मी काढली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं प्रवासवर्णन वाचताना कुणाची दिशाभूल व्हायला नको.

अर्धी बस

अमेरिकेत मराठी नाटक करायचं तर कलाकार विमानाने जातात, पण दिवाणखाना विमानात बसत नाही. दोन दारं, एक खिडकी, जिन्याच्या चार पायऱ्या, शोकेस, सोफा. आमच्या एका सभासदाने घोड्यांचा नाद सोडला आणि घोड्यांसाठीचा बंदिस्त ट्रेलर मंडळाला देऊन टाकला. तो गूसनेक जातीचा होता. म्हणजे त्याचा पुढचा लोखंडी दांडा हंसाच्या मानेसारखा आधी वर चढतो आणि मग खाली वाकतो. असा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरला अडकवता येत नाही. त्याची मान गाडीच्या मागच्या चाकांच्या बरोबर वर, एका लोखंडी गोळ्यावर बसवावी लागते. पिकअप ट्रकला तिथे मोकळी जागा असते. आमच्याकडे पिकअप नव्हता. गिरीशने शोधून आणलेली एक म्हातारी स्कूलबस होती.

गिरीश आमच्या नाटकाचा दिग्दर्शक, पक्का पुणेकर. मी मेकॅनिकल इंजिनिअर, नागपूरचा. आयुष्य कॉम्प्युटरपुढे गेलं म्हणून हात शिवशिवत होते. "कापू या," मी म्हणालो.

डॅलसच्या उत्तरेला, जिथे घरं संपून नुसतं गवत सुरू होतं, तिथे वेन नावाच्या वेल्डरचं आवार होतं. मी आकृत्या काढल्या, त्याने कापलं. मागच्या चाकांच्या जरा पुढून बसचं अंग छपरापासून तळापर्यंत वेगळं केलं. चाकांवर जाड पत्र्याचा सपाट ओटा झाला, त्याच्या मधोमध गोळा. बसची मागची भिंत, संकटकाळी उघडायच्या दारासकट, उचलून पुढे आणली आणि कापलेल्या तोंडावर डकवली. ते दार आता रस्त्याकडे न उघडता त्या ओट्यावर उघडत होतं. उघडताना त्याचा भोंगा वाजायचा, तो आम्ही तसाच ठेवला.

उरलेला मागचा तुकडा वेनच्या गवतात पडला होता. खिडक्या शाबूत, आत बाकांच्या रांगा, सगळ्यांची तोंडं पुढे. पुढे मात्र काहीच नव्हतं.

"याचं काय करायचं?" वेनने विचारलं.

आम्ही हसलो. त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. निघताना मी आरशात पाहिलं, तर ते बाक कुणाची तरी वाट बघत ताटकळल्यासारखे दिसले.

पिवळा रंग इथे फक्त शाळेच्या बसलाच चालतो, म्हणून आम्ही बस निळी केली. पण उन्हात निळ्याखालून पिवळा वर यायचा.

वसंतकाका म्हणजे आमच्या मंडळातल्या शीतलचे वडील. कऱ्हाडकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आता लेकीकडे राहतात. इंग्रजी बेताचं, गाडी येत नाही, दिवस खायला उठतो. नेपथ्याची दारं त्यांनी स्वतः बनवली. ट्रेलर जोडायचं कामही त्यांनी मागून घेतलं. मान गोळ्यावर उतरवायची, खालची पट्टी सरकवून गोळा आत पकडायचा, पिन घालायची, साखळ्या लावायच्या. प्रत्येक गोष्ट झाली की ते मोठ्याने म्हणायचे, "पट्टी बसली. पिन बसली. साखळी, डावी. साखळी, उजवी." आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

"काका, पोरांची हजेरी घेताय का?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यानंतर ते मनातल्या मनात म्हणू लागले.

निघायच्या सकाळी काकांनी ट्रेलर जोडला आणि ते बॅग आणायला घरी गेले. माझी बायको मेधा पूजेचं ताट घेऊन आली. चाकांवर स्वस्तिकं काढली, टायरखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला.

"आणि जिथे जोडलंय तिथे?" ती म्हणाली. "सगळा भार तिथे आणि तिथेच कुंकू नाही?"

"आता ते बंद केलंय."

"मग उघड की. केवढं ते काम!"

मी पिन काढली, पट्टी सरकवली, हँडल फिरवून मान वर घेतली. ग्रीसने चकाकणारा गोळा दिसला. तिने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि गणपती म्हणून वर सुपारी ठेवली. समोरचा शेजारी हातात कॉफी घेऊन शांतपणे आमच्याकडे बघत होता. मला उगाच लाज वाटली आणि मी घाईने मान खाली घेतली. सुपारी हलवायची राहिली. पट्टी थोडी अलीकडेच अडली. पिन अर्धीच गेली. मी पान्याने दोन ठोके घातले, वरून तार गुंडाळली.

"नीट बसलं ना?" मेधाने विचारलं.

"बसलं."

काका आले. कुंकू बघून त्यांनी हात जोडले. "काका, जरा बघून घ्या," एवढं म्हटलं असतं तरी पुरत होतं. पण ज्या तपासणीला हसलो तीच आता त्यांच्याकडे मागायची? मी बसमध्ये चढलो आणि इंजिन चालू केलं.

ओक्लाहोमा

रेड रिव्हर ओलांडली आणि माती महाबळेश्वरसारखी लाल झाली. वर झाड मात्र नाही. आभाळ इतकं मोठं की चाळीस मैल पलीकडचा पाऊस उभ्या खांबासारखा दिसत होता, आणि आमच्यावर कोरडं ऊन. मेधाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. काका मागच्या दाराशेजारच्या बाकावर बसले होते. तिथून त्यांना काचेतून ट्रेलरची मान दिसायची.

ठक.

थोड्या वेळाने, ठक ठक.

"दार कोण वाजवतंय?" मेधा म्हणाली.

ते काय आहे हे मला त्याच क्षणी कळलं. गोळ्यावर मान सैल बसली होती आणि रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर उचलून आपटत होती. आवाज ओट्यातून दारात येत होता. पुढच्याच एक्झिटला थांबून काम दहा मिनिटांचं होतं. पण सांगावं लागलं असतं. काकांच्या समोर, गिरीशच्या समोर.

"मागे कुणी लटकलंय का बघा," गिरीश म्हणाला. "फुकट शॉमबर्ग!"

आणि मी बोलून गेलो. "वेन सांगत होता या बसबद्दल. तुम्हाला सांगणार नव्हतो."

"काय?"

"एक मुलगा शेवटच्या बाकावर झोपला होता म्हणे. ड्रायव्हरने न बघताच बस आवारात लावली आणि कुलूप घालून गेला. थंडीचे दिवस. तो मुलगा मागचं दार वाजवत राहिला."

"मग?" मेधाने विचारलं.

"पुढचं वेनने सांगितलं नाही."

वेनने मला काहीही सांगितलं नव्हतं. तो मुलगा मी तिथे, स्टिअरिंगवर हात ठेवून, रचला. गिरीशने शिट्टी वाजवली. मेधा म्हणाली, "शी, असली बस घेतली आपण?"  काका काचेकडे वळून बसले.

पुढे जे होत गेलं त्यातल्या प्रत्येक गोष्टीला साधं कारण होतं. ते मला माहीत होतं, म्हणूनच जास्त भीती वाटत होती. छोट्या गावांत आम्ही कडेला थांबलो की मागच्या गाड्याही थांबायच्या. पुढे जा म्हणून हात केला तरी जायच्या नाहीत. समोरून येणाऱ्याही थांबायच्या. या देशात शाळेची बस थांबली की अख्खा रस्ता थांबतो. आपल्याकडे एका रिक्षात बारा दप्तरं लटकतात आणि मागचा हॉर्न वाजवत असतो. इथे रंग बदलला तरी लोकांचे पाय आपोआप ब्रेकवर जात होते. आम्ही ट्रेलरमधून पाणी काढत असू आणि दोन्ही बाजूंनी लोक गाड्यांत बसून, कोण उतरतंय याची निमूट वाट बघत असत.

एका पेट्रोलपंपावर गल्ल्यावरच्या बाईने खिडकीतून बसकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मुलांना जायचं असेल तर बाथरूम मागच्या बाजूला आहे."

"मुलं नाहीत," मी म्हणालो.

"हो का?" ती पुन्हा बसकडे बघत म्हणाली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली.

ड्रायव्हरच्या डोक्यावर या बसला एक लांबलचक आरसा होता, सगळी मुलं एका नजरेत दिसावीत म्हणून. त्यात मला मेधा दिसायची, गिरीश दिसायचा, काका दिसायचे, आणि काकांच्या मागे काचेपलीकडे ट्रेलरची मान. ती सारखी खालीवर होत होती. कुणीतरी बाहेर उभं राहून हो, हो म्हणत असल्यासारखी.

मिसुरी

मोटेलमध्ये मुक्काम केला. उजाडता उजाडता मी एकटाच बाहेर आलो. धुकं असं दाट की ट्रेलरचं मागचं टोक दिसत नव्हतं. तार ढिली झाली होती, पिन आणखी बाहेर आली होती. मी गुडघ्यावर बसून पान्याने ठोकू लागलो. पट्टीच्या फटीत काहीतरी लाल दिसत होतं, पण सगळा भार वरून बसला होता.

मी ठोकायचं थांबवलं, तर बसच्या आतून तसेच ठोके आले. ठक ठक.

 काचेवर चेहरा आला. काका होते. आत येऊन आपल्या बाकावर बसले होते आणि बोटाच्या पेराने दार वाजवत होते.

मी वळसा घालून आत गेलो. बाकावर कागदाच्या रुमालावर बेसनाचा लाडू ठेवलेला होता.

"तू ऐकलास?" त्यांनी विचारलं. "आत्ता बाहेरून वाजवत होता."

मी पाना पाठीमागे धरला होता. तेव्हा सांगायला हवं होतं. ती वेळच तशी होती, आम्ही दोघंच होतो, हसायला कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "ऐकला."

काकांचा चेहरा सैल झाला. "मला वाटलं, मलाच ऐकू येतंय." मग ते हळूहळू बोलू लागले. "शाळेत उशिरा येणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा करायचो, सुधीर. दार आतून लावून. शिस्त म्हणून. काही पोरं मैलभर चालत यायची. वाजवायची, मग गप्प व्हायची. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहायचो. किती वर्षं! आणि इथे आल्यावर बघ, दार वाजवणारंसुद्धा कुणी नाही."

मी म्हणालो, "काका, चहा घेऊ या."

मोटेलच्या नाश्त्याला पावासारखी गोल बिस्किटं आणि त्यावर पांढरी, मिरीची, मांसाची गरम पेज. शाकाहारी काकांनी बिस्किट कोरडंच चहात बुडवलं आणि म्हणाले, "आपली खारी बरी." गिरीश म्हणाला, "काका, त्या मुलासाठी एक पार्सल घ्या." मेधाने त्याला कोपर मारलं. काकांनी खरंच एक बिस्किट रुमालात बांधून घेतलं.

टेकड्यांतून निघालो. धुकं हटत नव्हतं. एका वळणावर पत्रपेटीशेजारी एक मुलगा उभा होता, पाठीवर दप्तर. आमची बस दिसताच तो दोन पावलं पुढे आला. माझा पाय नकळत ब्रेकवर गेला. बस जवळजवळ थांबली. त्याने चढण्यासाठी हात पुढे केला, मग निळा रंग पाहिला, आत आमचे चेहरे पाहिले, आणि पाय न उचलता तसाच बघत राहिला.

"घे ना त्याला," काका मागून म्हणाले. "थांबलाच आहेस तर घे."

"काका, किडनॅपिंगमध्ये आत टाकतील!" गिरीश ओरडला. "सुधीर, चल रे!"

मी गाडी पुढे काढली. आरशात पाहिलं, धुक्यात पत्रपेटी दिसली नाही, मुलगा दिसला नाही. काका मात्र काचेला कपाळ लावून बसले होते.

उतार

दुपारी लांबलचक उतार लागला. ऊन स्वच्छ पडलं होतं, दोन्ही बाजूंना झाडं लाल-पिवळी. गिरीश आपले संवाद म्हणत होता, मेधा चुका काढत होती. उतारावर ट्रेलरचा रेटा पुढे येतो, त्यामुळे मान दाबून बसली आणि आवाज थांबला. बराच वेळ काहीच वाजलं नाही. इतका वेळ नकोसा वाटणारा तो आवाज नाहीसा झाल्यावर मी कान देऊन त्याचीच वाट बघू लागलो.

उतार संपला. रस्ता वर चढू लागला.

ठक. एकच, मोठा.

आरशात मला काका उठताना दिसले. "उघडतो रे बाळा," ते म्हणाले, अगदी शांतपणे, "उघडतो." त्यांनी दाराची मूठ उचलली. भोंगा वाजायला लागला. आरशात एक पांढरा चौकोन उघडला, त्यात काका पाठमोरे उभे, उजवा हात बाहेर काढलेला. आणि त्यांच्यापुढे ट्रेलरची मान गोळ्यावरून उचलली गेली. एखादं जनावर मान वर करून बघतं तशी. मग ती त्या हातावर खाली आली.

मी किंचाळलो की मेधा, आठवत नाही. ब्रेक हळूहळू दाबायचा हे हातापायांना आठवलं, तेवढंच. साखळ्यांनी ट्रेलर सोडला नाही. बस कडेच्या गवतात थांबली. भोंगा वाजतच होता. मागे गाड्या रांगेने थांबल्या होत्या.

मेधा आणि गिरीशने काकांना आत ओढलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मेधाने आपली ओढणी त्या हाताला गुंडाळली. मी मागे पळालो, म्हणजे लोकांना वाटलं मी ट्रेलर बघायला पळालो. पट्टीत चिरडलेली सुपारी होती, कुंकवाने माखलेली. मी ती नखांनी उकरून काढली आणि गवतात फेकली. मग परत आलो आणि काकांचं डोकं मांडीवर घेतलं.

हॉस्पिटलच्या बाहेर गिरीश म्हणाला, "काकांनीच पिन नीट लावली नसणार. वय झालंय, यार. आपणच त्यांना करू द्यायला नको होतं."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो असंही नाही आणि नाही असंही नाही. तिने मला काही विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

नेपथ्य ट्रेलरमध्येच मागे राहिलं, तरी शॉमबर्गला प्रयोग झाला. तिथल्या एका कुटुंबाने आपला सोफा आणून दिला, दारांच्या जागी पडदे लावले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या पण त्यानंतर श्रूजबरी गावी ठरलेला प्रयोग आम्ही कॅन्सल केला. काका परतताना विमानात माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "माझ्याकडून पिन राहिली असेल. मी आजकाल मनातच म्हणतो ना, त्यामुळे गोंधळ होतो."

मी त्यांना ब्लँकेट पांघरलं.

अर्विंग

यंदा गणपतीत नवीन नाटकाचं नेपथ्य उभं राहत होतं. काका डाव्या हाताने हातोडी उचलायला गेले, तर कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, ती काढून घेतली. "काका, तुम्ही बसा. आम्ही करतो." काका खुर्चीवर बसले. दिवसभर बसून होते. लोक त्यांना चहा आणून देत होते, आणि दोन वर्षांत त्यांना कुणी खिळाही ठोकू दिला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शीतल कामावर गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. पिन, सुपारी, तार, मोटेलमधली सकाळ. आणि मुलगा. "असा कुणी नव्हताच, काका. मी रचला. आवाज लपवायला."

काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर कुणीही नव्हतं. इथल्या दुपारी रस्त्यावर कुणीच नसतं.

"तू रचलास?" ते म्हणाले.

"हो."

"मग नाव काय त्याचं?"

"नाव... दिलं नव्हतं मी."

"तेच म्हणतो मी." ते माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघत होते. "प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, तो उतार लागायच्या आधी, मी विचारलं त्याला. सांगितलं त्याने."

 काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस अजून होत नाही.

 मग काका म्हणाले, "मुलाचं लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. त्यावर मी तुझ्याशी भांडणार नाही. पण पिनचं तू स्वतः सांग. गिरीशकडून नको, शीतलकडून नको. सगळ्यांना कळेल असं सांग. मला हात आहे अजून एक, सुधीर. मला काम करायचंय."

म्हणून हे मंडळाच्या अंकात लिहिलं आहे. काकांची पट्टी बसली होती, पिन बसली होती, डावी साखळी बसली होती, उजवी बसली होती. त्याच साखळ्यांनी आम्ही वाचलो. पिन मी काढली, मी अर्धी लावली, आणि विचारलं तेव्हा बसली म्हणून सांगितलं. शनिवारी हॉलवर नेपथ्याचं काम आहे. काका येणार आहेत. हातोडी त्यांच्या हातात द्या.